अंजिराची शिडी

भाऊजी,

कंबर कशी आहे? फांदी मोडली म्हणून पडलो, असं तुम्ही सगळ्यांना सांगता. फांदी शाबूत आहे.

भिंतीच्या उन्हात अंजिरं लवकर पिकावीत म्हणून मी फांद्या आडव्या पसरवून सुतळीने खिळ्यांना बांधते. तुम्हाला ती शिडी वाटली. तुम्ही ओठ फोडलेली ताई माडीवर माझ्यामागे लपली होती आणि तुम्ही कमरेला कोयता खोचून वर चढत होतात.

"मेहुणीबाई, बाजूला व्हा, नाहीतर आधी तुमचा नंबर!"

मी माडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून सुतळी कापली. फांदी तुम्हाला घेऊनच भिंतीपासून सुटली.

तुम्ही पुन्हा याल, या धास्तीने ताई झोपत नाही. मी फांद्या परत बांधल्या आहेत. या वेळी सुतळी कुजकी घेतली.

वाट पाहणारी,
तुमची एकुलती एक मेहुणी