झुंबरबाईंच्या नावावरील मागणी रद्द होणेबाबत

प्रति,
मा. सुनावणी अधिकारी,
बियाणे व्यापार धोरण (मसुदा), सूचना व हरकती कक्ष,
जिल्हा शिबिर, अहिल्यानगर.

विषय : श्रीमती झुंबरबाई यांच्या नावे दाखल झालेली सूचना रद्द करून त्यांचे तोंडी म्हणणे ऐकून घेणेबाबत.
संदर्भ : प्राप्त सूचनांचा गोषवारा, पृष्ठ ९ वरील चौकट.
अर्जदार : गहिनीनाथ बिभीषण खाडे, मु. बोरदरा, ता. जामखेड.

महोदय,

१. अर्जदार नववीपर्यंत शिकलेला असून गेली सोळा वर्षे गावकऱ्यांचे अर्ज विनामूल्य लिहून देतो. रेशनकार्ड असो, निराधार पगार असो की विजेचा खांब, लोक अर्जदाराच्या भरवशावर न वाचता अंगठा उठवितात. या भरवशाचे अर्जदाराने काय केले, ते येथे कबूल करीत आहे.

२. गतवर्षी भाद्रपदात एका खासगी बियाणे कंपनीचे प्रतिनिधी श्री. करण घरी आले. केंद्र शासन बियाणे विक्रीचे धोरण ठरवीत आहे; प्रमाणपत्राविना बी विकण्यास बंदी घालावी, अशा चाळीस सूचना गावातून जाव्यात, असे त्यांनी सांगितले. छापील नमुना दिला आणि अर्जदाराच्या गळ्यात 'शेतकरी मार्गदर्शक' हे ओळखपत्र घातले. पैसा त्यांनी दिला नाही, अर्जदाराने मागितला नाही. देशाच्या धोरणात आपले अक्षर जाणार, एवढ्यानेच अर्जदार हुरळून गेला.

३. नमुना रुक्ष वाटल्यामुळे अर्जदाराने त्यात पदरची भर घातली. "मडक्यातील बी हा मागासपणाचा वारसा असून तो आमच्याच हातांनी मोडावा" हे वाक्य कंपनीचे नव्हे, अर्जदाराचे आहे.

४. झुंबरबाई, वय ७१, जामखेडच्या आठवडी बाजारात गोणपाट अंथरून घेवडा, दोडका, भोपळा व बाजरीचे घरी मडक्यात राखलेले बी विकतात. त्यांचे व नात रोहिणीचे पोट त्यावर चालते. अर्जदार कागद घेऊन गेला तेव्हा बाजार ऐन भरात होता. "कशाचा हाय रं?" असे त्यांनी विचारले. "सरकारला सूचना हाय, मावशे," असे अर्जदार बोलला. "तू लिव्हलंय न्हवं? मंग चांगलंच आसंल," असे म्हणून त्यांनी अंगठा उठविला व गिऱ्हाइकाकडे वळल्या. त्यांच्यासमोर बियांचे वाटे मांडलेले होते. कागदात काय आहे, हे अर्जदारास ठाऊक होते. तरी त्याने कागदाची घडी करून पिशवीत ठेवली.

५. दसऱ्यानंतर टोळ्या ऊसतोडीला गेल्या आणि अकरा सूचना कमी पडल्या. करण साहेबांचे फोन रोज येत होते. तेव्हा अर्जदाराने आपल्या हातांची दहाही बोटे निरनिराळ्या नावांपुढे उठविली व अकराव्या नावापुढे उजव्या पायाचा अंगठा. हे वाचून आपणांस हसू येईल. लिहिताना अर्जदारास आले नाही. पडताळणीसाठी सर्व ठसे सोबत जोडले आहेत.

६. मार्गशीर्षात शासनाचा गोषवारा रोहिणीच्या मोबाईलवर आला. चौकटीत एकाच शेतकऱ्याचे उद्गार होते, ते अर्जदाराचे वाक्य, आणि खाली नाव झुंबरबाईंचे. अर्जदारास प्रथम अभिमान वाटला. हे लपविणे योग्य नव्हे. रोहिणीने ते ओसरीवर अर्जदारासमोर मोठ्याने वाचले. झुंबरबाईंनी दोनदा वाचायला लावले. मग म्हणाल्या, "गहिन्या, मी कवा म्हन्ले रं असं? माझ्या मडक्याला मीच नावं ठिवली व्हय?" अर्जदार जायला उठला. तेव्हा त्याच म्हणाल्या, "जाऊ दे. तुला बी फसविलं आसंल कुनी." आणि नातीला चहा टाकायला सांगितला. महोदय, अर्जदारास कोणी फसविले नव्हते.

७. राष्ट्राच्या अर्थकारणात खासगी क्षेत्राचाही आवाज असावा, हे अर्जदार नाकारीत नाही. कंपनीस बियाण्यातले पुष्कळ कळते. तिने आपले म्हणणे आपल्या नावाने, आपल्या शिक्क्यानिशी मांडावे. झुंबरबाईंच्या तोंडून ते वदवून घेण्याचा अधिकार तिला नाही, आणि तिच्यासाठी ते लिहून देण्याचा अर्जदारास तर मुळीच नव्हता.

८. सबब विनंती की, बोरदऱ्याच्या चाळीसही सूचना बाद कराव्यात, अर्जदारावर जी योग्य ती कारवाई करावी, आणि दि. ११ फेब्रुवारीच्या सुनावणीत झुंबरबाईंना बोलू द्यावे. त्यांच्यासाठी अर्जदाराने निवेदन तयार केलेले नाही. त्या बी घेऊन येणार आहेत व जे सांगायचे ते आपल्या भाषेत सांगतील. कृपया घाई करू नये. त्यांना आणण्याचे काम मात्र अर्जदाराकडे आहे, कारण एस.टी. दोनदा बदलावी लागते. तरी सुनावणीच्या वेळी अर्जदारास दालनाबाहेर बसविण्याचे आदेश व्हावेत. तो समोर दिसला, तर त्याची अब्रू राखण्यासाठी त्या 'व्हय, मीच म्हन्ले हुते' असे सांगून मोकळ्या होतील, अशी अर्जदारास खात्री आहे.

क्षमा न मागता कारवाईची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही) गहिनीनाथ बिभीषण खाडे
बोरदरा, दि. २० जानेवारी २०२५