एका घंट्याचे किती

कोहका, भिलाई
दि. २६ ऑक्टोबर २०२५, रविवार

चिरंजीव कमलेशले,

तुझ्या ताईचे अनेक आशीर्वाद. आमी इकडे ठीक आहो, तुमी दोघं नवरा-बायको तिकडे दुर्गले ठीक असान. तुमसरहून आईचा फोन आलता. गुडघा दुखते म्हनते, आन तरी वावरात जाते. सांगून आयकते थोडी! तुझे भाऊजी सकाळीच ऑटो घेऊन सुपेल्याले गेले. उन्नतीले सांग, तिचे शंकरपाळे सरले, डब्बा धुऊन ठेवला आहे.

आता तू म्हनशील, दुर्ग काय परदेशात आहे, ताईनं पत्र कावून लिहिलं? फोन केला असता बाप्पा, पन तुझा फोन दिवसभर सेठच्या टेबलावर पडला राहते. वाजला का कोनाचा आहे ते पहिले सेठच पाहते. म्हनून हे उन्नतीच्या हाती देऊन राहिली. तिले म्हटलं, जेवन झाल्यावर एकटा असला का दे. मराठीत लिहिलं तेबी सोचूनच. दुसऱ्या कोनाच्या हाती पडलं तं झटकन समजनार नाही. तुले आईनं शिकवलं, तुले येते.

मले भेव लागून राहिलं कमलेश. खूप भेव.

भाऊबीजेले मी तुले ओवाळलं, तू जेवाले बसला, आन पुरी तोडता तोडता हासत सांगतलं का लेबर ऑफिसले चंदासंग आनखी एक बाई गेलती, सेठ तिले शोधून राहिला. "सापडू दे ताई, भिलाईत तिले कोनी झाडू माराले बी ठेवनार नाही." मी तुले भाजी वाढत होती. पळी अशी कलंडली का रस्सा तुझ्या नव्या शर्टावर गेला. तू म्हटलं, ध्यान कुठं आहे? मी म्हटलं, चष्म्याचा नंबर बदलला. नंबर कायचा बदलते! तू गेल्यावर मी मोरीत बसून रडली.

चंदाची गोष्ट तुले अर्धीच माहीत आहे. कारखान्यात माह्या बाजूले बसून कास्टिंगचं लोखंड घासते ते. तिच्या टीनाले शाळेत ताप भरला, शाळेतून फोन आला, तं ते दोन घंटे आधी गेली. तू तिची पूर्‍या दिवसाची हाजिरी कापली. तुले विचाराले आली तं तू म्हटलं, नियम आहे. दुपारी डब्बा खाताना ते आमाले विचारे, "दोनच घंटे तं गेलती मी. एका घंट्याचे किती होते ते सांगा, तेवढे कापा." आमी साऱ्या बोटावर मोजाले लागलो. रोजी माहीत, महिना माहीत, घंटा कोनालेच माहीत नाही. सालोसाल लोखंड घासून राहिलो, आन हे माहीत नाही! मले असा राग आला ना, चंदाचा नाही, आपलाच.

मंग चंदा दुर्गच्या लेबर ऑफिसले गेली. एकटी जाले घाबरत होती. कोनीतरी संग पाहिजे होतं.

मी होती संग.

झालं, लिहून टाकलं. फाडाचं असन तं इथंच फाड, पन मंग पुढचं तुले समजनार नाही, आन पुढचं तुझ्याच कामाचं आहे.

तिथला साहेब चांगला होता, बसवलं आमाले. मी घरून हिशोब करून नेलता. पासबुकातला पगार, भागिले तीस, भागिले आठ. तो हासला. म्हने, रविवार पगारातच धरला राहते, छब्बीस से भागो. भागलं तं घंट्याचे पन्नासच्या वर आले. "बाई, रेट तो बराबर है. तकलीफ क्या है?" बराबर आहे तं आमच्या घरी उरत कावून नाही?

आमची अक्कल पाह्य आता. पगार बँकेत पडला का दुसऱ्या दिवशी काढून जे वापस द्या लागते, ते हिशोबात धरलंच नव्हतं. धराचं असते हे डोक्यातच आलं नाही. पीएफ कटते तशी वापसी कटते, इतकंच आमाले ठाऊक. गेटपास चालू ठेवाचं भाडं आहे ते, असं नव्या बाईले आमीच समजावून सांगतो. मी उठता उठता असंच बोलून गेली, "साहब, वापसी देके इतना नहीं बचता." त्याचा पेन थांबला. "कैसी वापसी?"

मंग त्यानं परत भागलं. वापसी वजा केली, आन कागदावरचे आठ घंटे नाही, आमी करतो ते दहा धरले. तीस आले. तीस रुपये घंटा, कमलेश! वरच्या दोन घंट्याचे तं डबल द्या लागते म्हने, ते कधी कोनी पाह्यलेच नाही. "ये तो जुर्म है," म्हने. "कौन लेता है?"

कोन घेते ते चंदाले माहीत आहे. साऱ्या बायांले माहीत आहे. चहाच्या टपरीमागं मोटरसायकल लावून तू उभा राहते. माहेबी तूच घेते, मान खाली घालून, "ताई, सेठ गिनते" म्हनत. मी साहेबाले म्हटलं, "सुपरवाइजर लेता है. नाम नहीं मालूम." ज्याले कडेवर घेऊन मी सारा मोहल्ला फिरली, त्याचं नाव मले माहीत नाही म्हटलं! चंदा बोलू शकत होती. ते माह्याकडे पाहून गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी तिचा पास गेला, तूच घेतला. आन अजूनबी संग कोन होती ते तिनं सांगतलं नाही.

गुरुवारी साहेबानं परत बोलावलं आहे. सेठलेबी बोलावलं. सेठ काय बोलन ते मले आत्ताच ऐकू येते, "मैंने तो पूरा पैसा बैंक में डाला. कमलेश ने खाया होगा." त्याचं काय जाते? बायांच्या हातातून तुझ्या हातात, इतकंच साऱ्यांनी पाह्यलं. पुढचं कोनी पाह्यलं? पोलीस तुले घेऊन चालले, असं डोळ्यासमोर येते.

आनखी एक भेव आहे. लिहू का नको, असं करून राहिली. मले तुझं भेव वाटते. हे पत्र खिशात घालून तू सेठकडे जाशील का? पाठच्या भावाबद्दल असा विचार करून राहिली मी! पन येते मनात, काय करू?

उन्नतीवर रागावू नको, तिनं मले सांगतलं. तुझाबी पगार सेठ तसाच वापस घेते. सकाळी सातले जाते, अंधार पडल्यावर येते. तू कधी भागून पाह्यलं का रे, तुझ्या एका घंट्याचे किती होते?

गुरुवारी माह्यासंग चल. तू कोनाले नेऊन देते, कुठं देते, तुझ्या तोंडानं सांग. तू आधी बोलला तं साहेब आयकन. सेठनं आधी तुझं नाव घेतलं, तं मंग तू काहीबी सांग, कोनी आयकनार नाही.

तू नाही आला तरी मी जाईन. साहेबानं नाव विचारलं तं मी आता माहीत नाही म्हननार नाही. माह्यापायी चंदा घरी बसली आहे. मी तुझं नाव घेईन, कमलेश. पहिले तुझं, मंग सेठचं. हात जोडते, मले एकटीले घेऊ देऊ नको.

बुधवारी भाऊजी सवारी घेऊन राजनांदगावले जानार आहे, मी घरी एकटी राहीन. ये. आजकाल दार वाजलं का मी आतून कडी धरून उभी राहते, म्हनून सांगून ठेवते. एकटा आला असशील तं बाहेरून "ताई" म्हन, मी उघडन. आन सेठची मानसं संग असली तं काही बोलू नको, नुसतं दार वाजव. मी समजून जाईन. भाऊ म्हनून माह्यासाठी तेवढं तरी कर.

बुधवारची वाट पाहनारी,
तुझी ताई
सत्यभामा