विरजणाच्या फेऱ्या

आई, काल पेणला गेले होते. आपल्या गल्लीत अजून रिक्षा शिरत नाही, नाक्यावर उतरून चालावं लागलं आणि तेवढ्यातच माझे गुडघे बोलायला लागले. समोरून वहिनी आली, हातात वाटी, झपझप. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे ती. खरं सांगते, माझ्या पोटात दुखलं.

तुझीच खोड उचलली आहे तिने. तू घरात विरजण कधी ठेवलं नाहीस. रोज संध्याकाळी वाटी घेऊन निघायचीस, आज या घरी, उद्या त्या घरी. विरजण चमचाभर, फेरी तासाभराची. रंगवायला काढलेल्या गणपतींमधून पदर सावरत वाट काढायचीस, कुणाच्या दारात थबकून "काय गो, सून कशी हाय?" विचारायचीस. भाजीला एक फेरी, मिरच्या विसरल्या म्हणून दुसरी. "एकदाच सगळं आणत जा की," मी चिडायचे. "एकदाच आणलं तर मग काय करू, भिंतीकडं बघत बसू?" एका घरची फोडणी दुसऱ्या घरी ठसका देणारी ती गल्ली मला नकोशी झाली होती. रोह्याचं स्थळ आलं, कंपनीतली नोकरी, गावाबाहेर बंगल्याची जागा, तेव्हा मी नाक वर करूनच गेले.

इथे मोकळी जागा भरपूर. शेजारच्या फाटकातून माणूस बाहेर पडत नाही, गाडी पडते. कोथिंबीरसुद्धा हे अष्टमीच्या बाजारातून स्कूटरवर आणायचे.

दादा गेल्यावर मी तुला इथे आणलं. आता आईने आराम करावा, असं सगळ्यांना सांगितलं. वहिनी दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "त्यांना तिथं करमायचं नाय, वन्सं." पहिला आठवडाभर तू वाटी घेऊन निघालीस. फाटकापर्यंत जायचीस, दोन्हीकडे बघायचीस, परत यायचीस. "रस्ता चांगला रुंद हाय गो, पण जायचं कुणाकडं?" मग मी फ्रीजमध्ये विरजणाचा डबा ठेवला आणि तुझी पायपीट वाचवली म्हणून खूश झाले. पुढे तू फाटकापर्यंतही जाईनाशी झालीस. दिवसभर भिंगरीसारखी फिरणारी तू, वर्षभरात तुला खुर्चीतून उठायला माझा हात लागू लागला.

तू गेलीस, आणि आता डॉक्टर मलाही चालायला सांगतात. गच्चीवर फेऱ्या मारते आणि कंटाळून खाली येते. काल दहा पावलांत वहिनीला चौघींनी हाक मारली, मला एकीनेही ओळखलं नाही. "राहा चार दिवस, पाय मोकळे होतील," ती म्हणाली. मी कामाची सबब सांगून निघाले.

तुला लिहिलेला हा कागद खरं तर तिच्या हाती द्यायला हवा, पण देणार नाही. तुझ्या आरामासाठी मी तुला आणलंच नव्हतं. गल्लीतल्या बायका तिला "ही तर लेकच" म्हणायच्या, ते मला सोसत नव्हतं. तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा ती बस बदलत तुला बघायला आली होती. "आई झोपली आहे" म्हणून मी तिला फाटकातूनच परत पाठवलं. तू जागी होतीस, आणि तिलाच विचारत होतीस.