‘चांदणी’ तुपाच्या नावाची वाटणी

मी, श्रीमती जनकाबाई निवृत्ती सुरडकर, वय वर्षे एकाहत्तर, धंदा म्हशी पाळणे व तूप कढवणे, राहणार देऊळघाट, तालुका व जिल्हा बुलढाणा, पूर्ण शुद्धीत असताना, कोणाच्याही धाकाशिवाय व भुलावणीशिवाय, हे मृत्युपत्र लिहून ठेवते ते असे :

मी शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो देताना त्यांनी मला आजची तारीख विचारली. ती मी सांगितली आणि त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडराचे मागच्या महिन्याचे पान अजून उलटलेले नाही, हेही दाखवले. दाखला लगेच मिळाला. हे मृत्युपत्र वकिलांनी टाइप केल्यावर आधी त्यांच्याकडून आणि मग माझी नात अर्पिता हिच्याकडून वाचून घेतले. दोघांच्या वाचण्यात फरक पडला नाही, तेव्हाच सहीला बसले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवलेच तर ते खोटे समजावे.

माझे यजमान निवृत्ती सुरडकर वारले. मला एकच मुलगा, अविनाश. सून योगिनी. त्यांची मुलगी ती अर्पिता.

१. राहते घर. हे अविनाश व योगिनी दोघांना समाईक देते. एकट्याच्या सहीने ते विकता किंवा गहाण टाकता येणार नाही. मागच्या अंगणाची भिंत माझे दीर अर्जुनराव यांनी नव्याने बांधताना हातभर आमच्याकडे सरकवली आहे. “भिंत सरळ करून राह्यलो, वहिनी,” असे ते तेव्हा म्हणाले होते. भिंत सरळ झाली खरी, पण नेमकी आमच्या जागेत. ती जागा मी सोडलेली नाही. माझ्या तेरवीला अर्जुनरावांना मानाने बोलवावे, पोटभर जेवू घालावे, आणि हात धुवायला ते मागे गेले की भिंतीचा विषय काढावा.

२. दागिने व बँकेतील शिल्लक. पाटल्या योगिनीला. बाकी सर्व अर्पिताच्या शिक्षणासाठी. बँकेत माझ्या नावाने कोणीही फोन केला तरी आकडा सांगायचा नाही, हे मी जिवंत असतानाचे सांगणे मेल्यावरही लागू राहील.

३. म्हशी, कढया व तुपाची सगळी भांडी योगिनीला देते. तिच्या हाताला कढ समजतो. हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटलेले नाही.

४. पत्र्याची पेटी. ही अर्पिताला. हिच्यात सोने नाही, हे अर्जुनरावांनी वाचावे म्हणून मुद्दाम लिहिते. हिच्यात लोण्याची वेष्टने आणि दुधाचे रिकामे डबे आहेत.

अविनाश आखातात थंड माल नेणाऱ्या गाडीवर ड्रायव्हर होता. तिथल्या मोठ्या दुकानांत सगळ्या मुलखांचे लोणी एकाच फळीवर मांडलेले असते म्हणे. दर सुट्टीला येताना तो एकेक घेऊन यायचा. डेन्मार्कचे लुरपाक, त्यावर दोन वाकडे कर्णे. आयर्लंडचे केरीगोल्ड. फ्रान्सचे प्रेसिडेंट. सौदीचे अलमराई. न्यूझीलंडचे अँकर, त्यावर जहाजाचा नांगर. नांगराचा आणि लोण्याचा काय संबंध, म्हणून मी ते पहिल्यांदा मांजरीला घातले होते. तिने वाटी चाटून पुसली, मग मी बोट लावले.

“माय,” तो म्हणायचा, “परत्येक देशाचं आपलं नाव हाये. आपल्या घरी अमूल येते, तेबी आपल्या देशाचं. मंग देऊळघाटचं काऊन नाही?”

त्याच्या डोळ्यांत तेव्हा जे होते ते खोटे नव्हते. मी पुष्कळ गोष्टींवर संशय घेते, त्या बोलण्यावर आजही घेत नाही. तो नोकरी सोडून आला. आमच्या जुन्या म्हशीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, तिच्यावरून ‘चांदणी’ हे नाव ठेवले आणि डब्यावर तिचेच चित्र छापले. गावातल्या बाया आमच्याकडे दूध घालू लागल्या, मी आणि योगिनी तूप कढवू लागलो, अविनाश ते बुलढाणा, मेहकर, खामगावपर्यंत पोचवू लागला. नावाची नोंदणी करताना तो म्हणाला, माझ्या नावावर करू. मी म्हणाले, माझ्या. तो हसला आणि सही कुठे करायची ते त्याने दाखवले.

५. ‘चांदणी’ हे नाव. मूळ वाद याचाच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मागच्या उन्हाळ्यात मी डोणगावला धम्मशीला गवई हिच्या भाच्याच्या लग्नाला गेले होते. धम्मशीला आमच्याच गावात राहते, पहिल्यापासून आमच्याकडे दूध घालते. पंगतीत वरणावर तूप वाढले. डबा चांदणीचा, म्हैस तीच, खाली माझे नाव. घास तोंडात घेतला आणि गिळवेना. ना कण, ना वास. नुसता तेलकटपणा टाळूला चिकटला. शेजारची अनोळखी बाई भात कालवत म्हणाली, “चांदणीचं तूप आता पयल्यासारखं नाही राह्यलं. बुढी मेली वाटते.”

मी म्हणाले, “मेली नाही. तुमच्या बाजूले बसून जेवून राह्यली.”

बाई ओशाळली. धम्मशीलाने स्वयंपाकाकडून एक रिकामा डबा आणून माझ्या पिशवीत टाकला. घरी आल्यावर मी तो अविनाशपुढे ठेवला.

“हा कोणं भरला?”

त्याने डबा फिरवून पाहिला. “माय, अकोल्याकडचा एक व्यापारी हाये. त्याले थोडे लेबल देले, पाहाले. तो नाव इकत घ्याले तयार हाये.”

“अन् तूप?”

“तूप तो कुठूनबी आणीन. लोक नाव पाहून घेतात.”

“मंग मी काय करू?”

“तू आराम कर. डब्यावर तुहा फोटो राहीन.”

“फोटो मेलेल्या माणसाचा लावतात, बापू.”

तो उठून गेला. आठवडाभराने कपडे घेऊन अकोल्याला गेला, तो त्या व्यापाऱ्याकडेच आहे. माझ्या सहीशिवाय नाव विकता येत नाही. दर रविवारी त्याचा फोन येतो. “तब्येत कशी हाये, माय?” असे विचारतो. तो माझी तब्येत विचारतो की माझे किती दिवस उरले ते, हे मला कळत नाही. मुलाचा आवाज ऐकून असे वाटावे, याहून वाईट दिवस म्हाताऱ्या बाईला नाही.

मग मी हे नाव योगिनीला द्यायचे ठरवले. ती चुलीपुढे कढई ढवळत होती. ऐकून तिचा हात थांबला.

“आत्याबाई, मले नका देऊ.”

“काऊन?”

“ते फोन करतीन. गोड बोलतीन. मी नाही म्हणू शकनार नाही.” तिचे डोळे भरले. “मले माह्यावरच भरोसा नाही.”

आयुष्यात मी एवढी एकच गोष्ट पडताळून न पाहता खरी मानली.

त्यानंतर पेटी उघडून मी अर्पिताला एकेका वेष्टनाचा मालक कोण ते मोबाइलवर पाहायला सांगितले. प्रेसिडेंट एका घराण्याचे निघाले. लुरपाक आणि केरीगोल्ड दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांच्याच संस्थांचे. माझा विश्वास बसला नाही, म्हणून दुसरीकडे पाहायला लावले. तिथेही तेच. अँकर तर नुकतेच विकायचे ठरले आहे म्हणे, पण सगळ्या शेतकरी सभासदांची मते घेऊन. ते विकत आहेत याचे मला वाईट वाटले. चोरून विकत नाहीत, हे मात्र आवडले.

सबब ‘चांदणी’ हे नाव, म्हशीचे चित्र व त्यावरील सर्व हक्क मी देऊळघाट येथील, आमच्याकडे दूध घालणाऱ्या बायांच्या नोंदणीकृत दूध उत्पादक गटाला देते. योगिनी व धम्मशीला त्या गटात आहेत. गटातल्या बाया चांगल्या आहेत म्हणून देत नाही. त्या एकमेकींच्या चरवीत डोकावतात, एकमेकींच्या म्हशीला काय खाऊ घातले ते विचारतात, कोणी पाणी घातले तर संध्याकाळपर्यंत गावभर होते. एका माणसाच्या इमानावर नाव ठेवण्यापेक्षा एवढ्या बायांच्या संशयावर ठेवलेले बरे. नाव विकायचे झाल्यास दिवसाउजेडी, ग्रामपंचायतीसमोर, प्रत्येकीला विचारून विकावे. एक जरी नाही म्हणाली तरी विकू नये.

६. माझा मुलगा अविनाश. तो या मृत्युपत्राविरुद्ध कोर्टात जाईल, असे वकिलांना वाटते. मलाही वाटते. म्हणून लिहून ठेवते की मी त्याला रागाने वगळलेले नाही. देऊळघाटचेही नाव असावे, हे आम्हा कोणालाच सुचले नव्हते, त्याला सुचले. तो परत आला, त्याने स्वतः म्हैस पाळली, आणि तो इतरांसारखा ओळीत उभा राहून दूध घालू लागला, तर गटाने त्याला सभासद करून घ्यावे. कोणी जुने उकरून काढू नये. दूध मात्र पहिल्या दिवसापासून तपासून घ्यावे.

वरील मजकूर मी वाचून घेतला, ऐकला, मला तो मान्य आहे, आणि खालील साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली. दोघांच्याही घरी म्हैस नाही, हे पाहूनच त्यांना बोलावले आहे.

ठिकाण : देऊळघाट
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

(सही) जनकाबाई निवृत्ती सुरडकर

साक्षीदार :
(सही) शंकरराव मोतीराम काळवाघे, सेवानिवृत्त पोस्टमास्तर, देऊळघाट
(सही) प्रेम माणिकराव पडघान, किराणा दुकानदार, देऊळघाट