वरच्या खात्याची सही

मंगळवार, १४ नोव्हेंबर
सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. पाकिटावर सवयीने आधी ‘सौ.’ लिहिलं, मग लक्षात आलं आणि पाकीटच बदललं. आत नुसतं ताई. तू आणि चिमणी बऱ्या असालच, असं धरून चालतो.

बाबांचे टाके निघाले. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून बजावलं आहे, तर हे रोज गच्चीवर जाऊन टाकीत पाणी किती आहे ते बघून येतात आणि वर मलाच विचारतात की दम का लागतोय. तुझं नाव काढत नाहीत. ‘तिकडे थंडी पडली असेल का रे,’ एवढंच विचारतात. तिकडे म्हणजे कुठे, ते त्यांना माहीत नाही. मलाही माहीत नव्हतं.

मावशी बाहेरच्या खोलीत पिशवी भरून बसली आहे. दुपारच्या बसने ती तुझ्याकडे निघते आहे आणि हे पत्र तिच्याच हातून येईल. अजून तिची यायची वेळ नव्हती, म्हणजे काहीतरी बिघडलं आहे, हे तू ओळखलं असशीलच. ती म्हणत होती दोन ओळी लिही, बाकी मी सांगते. पण झालं काय ते तिला समजावताना माझ्या तोंडाला फेस आला आणि शेवटी तीच म्हणाली, ‘तू लिहूनच दे बाबा.’ म्हणून लिहितो आहे. मधून मधून ती पाणी पिण्याच्या निमित्ताने आत येऊन किती पानं झाली ते बघून जाते.

बाबांच्या ऑपरेशनला तू येऊन गेलीस, तेव्हा माझ्या लॅपटॉपवरून कामाच्या ठिकाणी काहीतरी पाठवलं होतंस, आठवतं? कुणाची पाळी कधी, असा काहीतरी तक्ता होता. मी मुद्दाम दुसऱ्या खोलीत गेलो होतो. तू कुठे राहतेस, कुठे काम करतेस, काय नाव लावतेस, हे मावशीशिवाय कुणाला कळायचं नाही, हे आपलं ठरलेलं. मी ते पाळलं. तुझं ते खातं मात्र लॅपटॉपवर उघडंच राहिलं. त्यात तुझी चूक काडीची नाही. मीच नंतर बघायला हवं होतं.

माझा तो वजनकाट्यांचा प्रोग्रॅम तुला माहीत आहे. काट्यावरचा आकडा वाचून संगणकात उतरवणारा. आम्ही चार-पाच जण तो फुकट चालवतो आणि बऱ्याच कारखान्यांत तो वापरतात. नवी आवृत्ती काढली की तिच्या फाइलवर सही करावी लागते, म्हणजे घेणाऱ्याला खात्री पटते की ही माझ्याकडूनच आली, वाटेत कुणी काही घुसडलेलं नाही. पूर्वी त्यासाठी एक गुप्त किल्ली असायची, ती जिवापाड जपायची. आता किल्लीच नाही. सही करायची वेळ आली की आपल्या ईमेलच्या खात्याने आत शिरायचं. मग काही मिनिटांपुरता एक दाखला मिळतो, त्याने सही होते आणि दाखला आपोआप बाद होतो. मागे चोरण्यासारखं काही उरत नाही. फक्त अमुक ईमेलवाल्याने अमुक वेळी ही सही केली, अशी नोंद एका जाहीर वहीत चढते. ती वही जगात कुणीही वाचावी. तिच्यातली नोंद कुणालाही खोडता येत नाही, मलाही नाही आणि ती वही चालवणाऱ्यांनाही नाही. चोराने चोरी करून खुणा पुसू नयेत म्हणून ती तशीच बनवलेली आहे.

ही पद्धत आणा म्हणून दाजींनीच माझ्यामागे लकडा लावला होता. बघ, अजून दाजी म्हणतो. त्या प्रोग्रॅममध्ये मला ओढलं त्याने, सह्या शिकवल्या त्याने, आणि त्याच्या कारखान्यात आजही माझी प्रत्येक आवृत्ती तोच तपासून आत घेतो. दुसऱ्या कुणावर सोपवत नाही. मला त्याचं केवढं कौतुक होतं. तुझी पर्स, तुझी बिलं, तुझा फोन, चिमणीच्या वहीत शाळेतल्या बाईंनी काय लिहिलं, हेही तो असंच तपासायचा. ते मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावरही बरेच दिवस मी त्याला शिस्त म्हणत राहिलो.

मावशी परत डोकावून गेली. लिहितो.

शुक्रवारी नवी आवृत्ती काढली. सहीसाठी पडद्यावर खिडकी उघडली आणि तिने विचारलं, कोणत्या खात्याने? नेहमी तिथे एकच नाव असतं, माझं. शेकडो वेळा न वाचता वरच्या ओळीवर बोट दाबलं आहे, तसंच दाबलं. त्या दिवशी तिथे दोन ओळी होत्या आणि वरची तुझी होती.

सही झाली. फाइल गेली. जेवायला बसलो, ताट पुढ्यात घेऊन सहज नोंद बघितली, तर तिथे माझा ईमेल नव्हता, तुझा होता. तू आईचं माहेरचं नाव घेतलं आहेस हे मला त्या नोंदीवरून कळलं. आणि ईमेलच्या शेपटीत तुझ्या वाचनालयाचं नाव आहे, गावासकट.

खरं सांगू? पहिल्यांदा मला आनंदच झाला. ताई कुठे आहे ते मला कळलं, एवढंच डोक्यात आलं. त्या वाचनालयाचा फोटो शोधून काढला. पायऱ्यांपाशी सायकली लावल्या आहेत, खिडक्यांना निळी तावदानं आहेत. यातल्या कुठल्या खिडकीत तू बसत असशील, असं बघत बसलो होतो. मग लक्षात आलं की मला जे एवढ्या सहज सापडलं ते कुणालाही सापडेल, आणि ताट तसंच सारून उठलो.

लगेच स्वतःच्या खात्याने नवी फाइल काढली, चुकलेली मागे घेतली. फाइल मागे घेता येते, नोंद नाही. एवढ्याशा वेळात कोण बघणार, असं स्वतःला सांगत राहिलो. शनिवार, रविवार काहीच झालं नाही. मला वाटलं, निभावलं.

ताई, निभावलेलं नाही. तीन पानं घालवली ती एवढं एक वाक्य लिहावं लागू नये म्हणून. काल सकाळी त्याचा निरोप आला. तो जसाच्या तसा देतो: ‘शुक्रवारची पहिली फाइल तपासली. सही जुळत नाही. बाबांचं ऑपरेशन झाल्याचं कळलं. सगळे भेटून गेले का?’

तपासणारा प्रोग्रॅम नुसतं ‘जुळत नाही’ म्हणून थांबत नाही. सही कुणाची हवी होती आणि कुणाची सापडली, दोन्ही छापून दाखवतो. म्हणजे आईचं नाव त्याने वाचलं आहे. वाचनालयाचंही.

आणि मी काय केलं ते ऐक. कामातल्या माणसाला कामाचं उत्तर द्यावं तसं लगेच लिहून मोकळा झालो, ‘चुकून दुसरं खातं निवडलं गेलं, दुरुस्त केलं आहे.’ दुसरं खातं. म्हणजे ते माझ्याच लॅपटॉपवर होतं, म्हणजे ती बाई माझ्या घरी येऊन गेली, हे मी स्वतःच्या हाताने त्याला दिलं. लगेच त्याचा एका शब्दाचा निरोप आला: ‘कुणाचं?’

त्याला मी उत्तर दिलेलं नाही. दुपारी त्याच्या कारखान्यात फोन केला. स्टोअरकीपर ओळखीचा आहे, त्याच्याशी काट्याबद्दल चार शब्द बोलून साहेबांना विचारलं. तो म्हणाला, साहेबांनी सकाळीच घाईने रजा टाकली, कशासाठी ते बोलले नाहीत. तेव्हापासून जीव टांगणीला आहे. तू फोन ठेवत नाहीस, म्हणून वाचनालयात फोन लावायला दोनदा हात गेला, पण त्याच्या आधी कुणी चौकशी केली असेल तर माझा दुसरा फोन म्हणजे शिक्कामोर्तबच, म्हणून मावशीने हात धरला. पोलीस चौकीतही जाऊन आलो. तिथल्या साहेबांनी निरोप दोनदा वाचला आणि म्हणाले, यात धमकी कुठे आहे? सासऱ्याची विचारपूस केली आहे माणसाने. मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला की तो असाच बोलतो, आवाज न चढवता. त्यांनी फोन परत दिला.

आता मावशीने ठरवलेलं ऐक. पत्र वाचून झालं की वाचनालयात परत जाऊ नकोस. तुझ्या ग्रंथपाल बाईंना त्यांच्या घरी गाठून खरं सांगून टाक आणि त्यांना म्हणावं, कुणीही विचारलं तरी कालच काम सोडलं म्हणून सांगा. चिमणीला शाळेतून तू स्वतः घे, दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. नेसत्या कपड्यांनिशी मावशीबरोबर निघ, सामान नंतर बघू. मावशीने जागा पाहून ठेवली आहे. मी विचारली नाही.

चिमणी आता कुठे शाळेत रुळली होती, मावशी सांगत होती. तीन मैत्रिणी झाल्या आहेत, एकीचा दात पडला म्हणून हिला आपलाही पाडून घ्यायचा होता. तुलाही ते काम आवडत होतं. हे सगळं मी एका बोटाने मोडलं. क्षमा मागायची तर कोणत्या तोंडाने मागू? तू रागावलीस तर मला चालेल. तू ‘जाऊ दे रे’ म्हणशील, ते मात्र सहन होणार नाही.

आणखी एक. तो माझ्याकडे येईल. दारात उभा राहील, बाबांची चौकशी करेल, खुर्ची ओढून बसेल आणि विचारेल. मी खोटं बोलायला लागलो की कान लाल होतात, हे तुला माहीत आहे तसं त्यालाही माहीत आहे. धमकावलं तर मी गप्प बसेन. पण तो गोड बोलेल, आणि गोड बोलणाऱ्यापुढे माझं काय होतं ते काल दिसलंच. म्हणून मला माहीतच नको. पोहोचल्याचं कळवू नकोस. मावशी परत आली की मी तिच्या चेहऱ्याकडे बघेन, तेवढं पुरे. चिमणीने चित्र काढलं तरी पाठवू नकोस. पुढे बाबांचं बरं-वाईट झालं, तर तेही मावशी सांगेल आणि तू येऊ नकोस. बाबांना मी हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, तिला लिही की मीच सांगितलंय.

मावशीने चपला घातल्या. थांबतो.

जा, ताई. इतकी लांब जा, की मलाही सापडू नकोस.

तू कुठे आहेस हे यापुढे कधीही न विचारणारा,
तुझा धाकटा