मी न घेतलेलं नाव

११ जाने., मुरुड (जि. लातूर)
सकाळपासून रिक्षात. भोंग्यातून बोलणारा मी, आत बसून ऐकणारा बी मीच. "हाकेला धावणारा, आपला माणूस, मन्मथअप्पा." रेकॉर्डिंग लातूरला केलतं, गंजगोलाईजवळ, इर्फानभाईच्या मोबाइल दुकानावरच्या खोलीत. गाव आवाज ओळखतंय, मला कुणी ओळखत न्हाई. चहावाला म्हणला, "लई भारी बोलतो तो माणूस." मी म्हणलं, हाव.

जेवण अप्पांकडंच. झोपायला त्यांच्या किराणा दुकानामागची पोत्यांची खोली. अप्पा पक्षाचे जुने. जन्मभर दुसऱ्यांच्या सभेला सतरंज्या टाकल्या, आता पहिल्यांदा जि. प.चं तिकीट. तालुकाध्यक्षांनी "कामाला लागा" म्हणून सांगितलंय. काकू भाकरी वाढताना म्हणल्या, "भिंगरे, आज तरी एका जागी बसून जेव." भिंगरी नाव पडलंय माझं इथं. दत्ता म्हणणारं तसं कुणी उरलं न्हाई, त्यामुळं चालतंय.

१४ जाने.
संक्रांत. पेनड्राइव्ह द्यायला पक्षाच्या ऑफिसात गेलतो. भिंतीवर पुढाऱ्यांचे फोटो. हैदराबादवाल्या शेठचा फोटो कुठंच न्हाई, पण पंखे त्यांचे, खुर्च्या त्यांच्या, बाहेरच्या रिक्षा न् भोंगे बी त्यांचेच. शेठ रस्त्यांची कंत्राटं घेतात. पक्षाचे मेंबर बी न्हाईत.

त्यांचा मॅनेजर तालुकाध्यक्षांच्या खुर्चीत. तालुकाध्यक्ष उभे राहून त्याला तिळगूळ देऊन राहिलते. मला म्हणला, "आवाज तुझा का? चांगलाय. लोकांना सवय झालीय." अप्पांचं नाव त्यानं एकदा बी काढलं न्हाई. हे मला आत्ता लिहिताना ध्यानात येऊन राहिलं. तिळगूळ कडक होता.

१६ जाने., नांदेड
भोकरला कुस्त्या हायत, माइकवर बोलायला माणूस पाहिजे, असं कळलं. अप्पांना म्हणलं, जाऊन येतो. "पाय काय टिकत न्हाई तुझा," एवढंच म्हणले, न् खिशात शेंगदाण्याचा लाडू घातला.
नांदेडच्या स्टँडवर एक जण बासऱ्या विकून राहिलता. ऐकत ऐकत त्याच्यामागं घाटापर्यंत गेलो. गोदावरीला पाणी बऱ्यापैकी. भोकरची गाडी गेली.

१९ जाने., भोकर
बासरीच्या नादात दोन दिवस नांदेडलाच गेले. इथं कुस्त्या कालच झाल्या.
इर्फानभाईचे लई मिस्ड कॉल. उचलले न्हाईत. मॅनेजरनं काय तरी काढलं असंल. स्टँडवर एक लंगडं पिल्लू मागं लागलंय, त्याला पाव चारला. फोन वाजत राहिला. पिल्लू वाजणाऱ्या खिशाकडं बघून भुंकत राहिलं. उद्या निघतो.

२२ जाने., मुरुड
अप्पांचं तिकीट गेलं. पक्षाचा एबी फॉर्म विक्रांतला. विक्रांत म्हंजे शेठच्या बहिणीचा मुलगा, राहायला पुण्यात. तालुकाध्यक्ष अप्पांना म्हणले, "अप्पा, वरून आलंय." अप्पांनी विचारलं, "वर म्हंजे कुठं? मुंबई का हैदराबाद?" ते म्हणे चप्पल शोधायला लागले.
हे मला चहावाल्यानं सांगितलं. सांगून राहिलता तेवढ्यात रिक्षा वळली.
"हाकेला धावणारा, आपला माणूस, विक्रांतभैय्या."
आवाज माझा. श्वास बी माझाच. मी हे नाव कधी तोंडात बी घेतलं न्हाई.
दुकानात गेलो. काकू आत निघून गेल्या. अप्पा साखर मोजून राहिलते, वर न बघता म्हणले, "भोकरला व्हतास का गंजगोलाईत, रेकॉर्डिंगला?"

२३ जाने., लातूर
इर्फानभाई म्हणला, "तू फोन उचलंना. मॅनेजर डोक्यावर बसला. मोबाइलात ॲप हाय, तुझं जुनं रेकॉर्डिंग घातलं, नवं नाव टाइप केलं. ते बोललं."
"मग माझी काय गरज?"
"तेच मॅनेजर बी म्हणला."
चहा पाजला. वाईट वाटून घेऊ नको म्हणला, शेठचं काम सोडलं तर दुकानाचं भाडं निघत न्हाई. मी म्हणलं, माझं नाव टाइप कर. त्यानं केलं. फोन बोलला, "दत्ता."
लई दिवसांनी कुणी तरी दत्ता म्हणलं. ते बी मीच.

२६ जाने., मुरुड
शाळेत झेंडावंदन, तेवढा वेळ भोंगे बंद. अप्पांनी शेवटच्या दिवशी अपक्ष फॉर्म भरलता, तो मागं घेतला न्हाई. त्यांना सगळं सांगितलं. मशीन बोललं म्हणलं.
"म्हंजे तोंड मिटून बी बोलतोस म्हण की." हसले न्हाईत. मग म्हणले, "बरं, मशीनचं खरं धरू. फोन उचलला असतास तर घेतलं असतंस ते नाव?"
न्हाई म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात डोळ्यापुढं रिक्षा आली, सगळं गाव ऐकून राहिलंय, मॅनेजर चांगलाय म्हणून राहिलाय.
अप्पांनी गिऱ्हाइकाला गूळ दिला न् सुट्टे मागितले.

२८ जाने.
उद्या बाजार. अप्पांना एक रिक्षा मिळंना, सगळ्या शेठनं मतदानापर्यंत धरून ठेवल्यात. अप्पा पायीच फिरणार. पोत्यांच्या खोलीच्या दाराशी ताट झाकून ठेवलेलं होतं. कुणी हाक मारली न्हाई. अप्पा एवढंच म्हणून गेले, "यायचं तर ये. पण भोंगा न्हाई. तोंडानं बोलावं लागंल."

गावाबाहेर रानात जाऊन बोलून बघितलं. "आपला माणूस, मन्मथअप्पा." माझा खरा आवाज लई बारीक हाय. एका शेळीनं मान वळवली, परत चरायला लागली. तिकडून रस्त्यानं रिक्षा चाललीती, माझ्याच आवाजात, माझ्यापेक्षा मोठ्यांदा. उद्या बाजारात दोन्ही आवाज समोरासमोर आले तर लोक कुणाचं धरतील. मी नक्कल करतोय म्हणतील.

अप्पांना उत्तर द्यायचं राहिलंय. त्यांनी परत विचारलं न्हाई. उद्या बाजारात तोंड उघडायच्या आधी ते सांगावं का. सांगायचं तर काय, हाव का न्हाई, ते मला बी अजून ठाऊक न्हाई.