एकही पांढरा केस नको

३ सप्टेंबर, सकाळ
आजपासून सगळं शास्त्रशुद्ध. हसनाबादेत प्रत्येक शेळीत भेसळ. कुणाचा कान पांढरा, कुणाच्या कपाळावर टिकला. मी अस्सल काळी जात उभी करणार. फेब्रुवारीत जालन्याच्या पशुप्रदर्शनात माझं करडू पहिलं.
आमची शेळी काजळ सकाळपासून ओरडतेय, शेपूट हलवतेय. माजावर आलीय. बोकड आणायला मंठ्याला निघतोय. एकटी दावं तोडेल, म्हणून तिला शेजारच्या ख्वाजामियाँच्या कळपात सोडली. तेवढीच सोबत.

५ सप्टेंबर
बोकड आणला. नाव बादशहा. घेण्याआधी भिंग लावून दोन तास पाहिला. शिंगं, कान, खूर, सगळं काळं. एकही पांढरा केस नाही. अंग चकाकतं. वास अजिबात नाही. शुद्ध रक्ताची खूण.
दैवशाला म्हणाली, बोकड हाय अन् वास न्हाई? बायकोला सर्दी असावी.

६ सप्टेंबर
दोघांना एका गोठ्यात ठेवलं. बादशहाने काजळला हुंगलं आणि पाला खाल्ला. लाजाळू. खानदानी. मी चहाला गेलो. तेवढ्यात झालं असणार.

२६ सप्टेंबर
काजळ पुन्हा माजावर आली नाही. गाभण. पारावर सर्वांना सांगितलं. ख्वाजामियाँ हसले. असूया.

११ नोव्हेंबर
दैवशाला म्हणते, करडं चांदवर जाणार. चांद म्हणजे ख्वाजामियाँचा बोकड. तांबडा, कान पांढरे, कपाळावर पांढरा चांद. म्हणते, काजळला कुठं सोडून गेल्ता ते आठवा जरा. मी तिला आनुवंशिकता समजावली. ती म्हणाली, मंग लावा पैज.
लावली. करडं काळी निघाली तर काजळ माझी. (तिच्या माहेरची आहे, पण प्रश्न शास्त्राचा आहे.) एक जरी पांढरा केस निघाला तर कळपाचा कारभार तिचा आणि उन्हाळाभर शेळ्या मी चारायच्या. ख्वाजामियाँ साक्षीदार. मी आजवर शेळ्या चारलेल्या नाहीत. चारणारही नाही.

१७ जानेवारी
संकल्प: काजळच्या नजरेला पांढरं काही पडू द्यायचं नाही. गोठ्याजवळची चादर काढली. मग माझा बनियन काढला. उघडा बसलो. खोकला.

३० जानेवारी, सकाळी ७
काजळ व्याली. दोन. तांबूस दिसतात. ओली आहेत म्हणून. कानही पांढरट. वाळल्यावर जाईल.

सकाळी १०
वाळली. कान जास्तच पांढरे. दोघांच्या कपाळावर चांद. ख्वाजामियाँची बायको जन्नतबी गूळ घेऊन आली. म्हणाली, भाभी, दोनों बाप पे गये, नजर उतारो. दैवशालाने गूळ मलाही दिला.

३१ जानेवारी
कारण सापडलं. बादशहाच्या आजोबात दोष. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं, रक्त तपासा म्हणालो. त्यांनी बादशहाचं शेपूट उचललं. मग विचारलं, भुजंगराव, घेताना काय पाह्यलं? रंग, म्हणालो. ते म्हणाले, खच्ची केलेला हाय हा. म्हणून तर वास न्हाई.
दैवशाला चूल फुंकत होती. बराच वेळ फुंकत होती.

५ एप्रिल, माळावर
ऊन. ख्वाजामियाँचा कळप शेजारी. काजळ सकाळपासून शेपूट हलवतेय. आत्ता चांदकडे निघाली.
बादशहा बाभळीखाली बसून होता. उठला नाही. मीही नाही.